सेल्गविकचं पिंप

आमच्या घरात उन्हाळ्याचा किनारा फेब्रुवारीत ठरतो. बाहेर चिखल झालेलं बर्फ, चारलाच लागलेले दिवे, आणि आत माझा थोरला भाऊ स्वेर्कर आपल्या घरच्या टेबलाच्या टोकाशी बसून कपावर चमचा वाजवतो. म्हणजे बैठक सुरू. स्वेर्कर छत्तीस वर्षं नगरपालिकेत होता. खुर्ची सुटली, बैठक सुटली नाही. म्हणून पाच माणसांच्या या घरगुती बैठकीलाही विषयपत्रिका आहे, इतिवृत्त आहे, आणि इतिवृत्त वाचून खाली सही करणारा साक्षीदार आहे. लिहायचं काम माझ्याकडे. गुनेलचं अक्षर चांगलं, असं बावीस वर्षांपूर्वी ठरलं, ते ठरलं.

त्या दिवशी लठ्ठ मंगळवार होता. पुढच्या चाळीस दिवसांचा उपास आता कुणी करत नाही, पण त्याच्या आदल्या दिवशीचा क्रीमचा पाव मात्र सगळ्यांना हवा असतो. स्वेर्कर तो गरम दुधाच्या वाडग्यात बुडवून खातो. पाव फुगतो, फुटतो, आतला बदामाचा लगदा बाहेर येतो, दुधावर तवंग धरतो, आणि तो हे सगळं चमच्यानं सुर्र करून ओढतो. समोर आमच्या धाकट्या बहिणीचा, मायकेनचा नवरा होकान. त्याच्या मिशीला क्रीम लागलेलं, आणि ते जिभेनं काढायला त्याला घाई नव्हती.

"मुद्दा चार," स्वेर्कर म्हणाला. "उन्हाळा. जुलै, वर्षाचा एकोणतिसावा आठवडा. किनारा सुचवण्याची पाळी, गुनेल."

माझी पाळी दर तीन वर्षांनी येते. आम्ही तीन भावंडं, स्वेर्कर, मी आणि धाकटी मायकेन. सात वेळा पाळी आली, सात वेळा मी किनारा सुचवला, सात वेळा सगळे म्हणाले, वा, सुंदर. आणि सातही वेळा आम्ही सेल्गविकलाच गेलो.

सेल्गविक नाव गोड आहे. विलो झाडाच्या मऊ कोंबांची खाडी. स्वेर्करची बायको लिस्बेत, तिच्या आजोळचं तिथं लाकडी घर आहे, पाण्यापासून साठ पावलांवर. चित्र काढायला सांगितलं तर पोर असंच घर काढेल. पण जुलैत वारा पूर्वेचा झाला की बाल्टिक समुद्र आपलं पोट त्या खाडीत रिकामं करतो. तपकिरी शेवाळ गुडघाभर साचतं, उन्हात कुजतं, वरून माश्या उठतात, खालून सडक्या अंड्यांचा वास. पाण्यावर हिरवी साय, वाटाण्याचं सूप सांडल्यासारखी. कुत्र्यांना पाणी पिऊ देऊ नका, असं रेडिओवर सांगतात. माणसांना सांगत नाहीत, माणसांना कळतं असं त्यांना वाटतं. मी पहाटे दाताळं घेऊन ते शेवाळ ओढायचे, एकचाकी गाडीत भरायचे, झाडांमागे नेऊन टाकायचे. नऊ वाजता बाकीचे उठायचे, कॉफीचे कप घेऊन पायरीवर यायचे आणि म्हणायचे, "यंदा किनारा किती स्वच्छ आहे!"

आणि मागच्या अंगाला पाटीचा संडास. लाकडी खोकं, दारावर कोरलेला बदाम, आत भिंतीला जुनी मासिकं, आणि बसायच्या फळीखाली पिंप. बसून झालं की वरून मूठभर झाडांच्या सालींचा भुसा टाकायचा. पाच माणसांचं पिंप तीन दिवसांत भरतं. भरलं की कुणीतरी ते ओढून काढायचं, खाजकुइलीसारख्या चावऱ्या झुडपांतून दीडशे पावलं न्यायचं, चरात उलटं करायचं, माती लोटायची, घासायचं, परत ठेवायचं. ते कुणीतरी म्हणजे मी.

मला सहसा किळस येत नाही, हे आधी सांगते. एकतीस वर्षं मी वृद्धाश्रमात काम करते. सकाळी सात ते दुपारी चार, म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, पुसायचं, धुवायचं, कोरडं करायचं. आल्फहिल्ड म्हणून एक बाई आहेत, त्र्याण्णव वर्षांच्या. रोज म्हणतात, "माफ कर हं, पोरी." मी रोज म्हणते, "आपण सगळी अशीच जन्मलो, आल्फहिल्ड." मग त्या माझ्या मनगटावर बोटं ठेवतात. पाकळी पडावी इतका तो भार. त्या घाणीत एक माणूस असतं, त्याची लाज असते, त्याचे डोळे असतात. तिथं किळस कशी येईल?

सेल्गविकच्या पिंपात माणूस नव्हतं. होती ती फक्त पाठ. सगळे पाठ फिरवून निघून गेलेले. चेरीच्या बिया, न पचलेले मक्याचे दाणे, होकानच्या बिअरचे तीन दिवस. कुणी भुसाही टाकत नसे, कारण भुश्याच्या डब्याचं झाकण घट्ट होतं म्हणे.

मागच्या उन्हाळ्यात पिंपाची कडी तुटली. मी झुडपांच्या मधोमध होते. पिंप कलंडलं आणि सगळं माझ्या पायांवर आलं, गुडघ्यापासून खाली, लाकडी चपलांच्या आतसुद्धा, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. कोमट होतं. ते कोमट असणं मी अजून विसरलेले नाही. काचा लावलेल्या व्हरांड्यात चौघं कोळंबी सोलत बसली होती. होकान आधी हसला. मायकेन म्हणाली, "शी, शी, शी!" लिस्बेत उठली. मला वाटलं, बादली आणायला उठली. तिनं खिडकी लावून घेतली.

त्या दिवशी त्या हिरव्या पाण्यात पाय धुताना मी ठरवलं. वर्षाचे आठवडे बावन्न. एक्कावन्न आठवडे मी लोकांचं काढीन. एक आठवडा नाही. फक्त एक. बाकी माझं काही मागणं नव्हतं.

म्हणून यंदा मी तयारीनं आले होते. टेबलावर मी बोटीचं वेळापत्रक ठेवलं, घराचे फोटो ठेवले, आणि औषधाच्या बाटलीत भरलेली मूठभर वाळू ठेवली. माझ्याबरोबर काम करणारी एल्ना, तिनं ती आणली होती.

"बोर्नहोल्म," मी म्हणाले. "डेन्मार्कचं बेट, पण यूस्ताद बंदरातून बोटीनं दीड तासही लागत नाही. दक्षिण टोकाला दुएओदेचा किनारा. वाळू इतकी बारीक की पूर्वी वाळूच्या घड्याळांत भरायचे म्हणतात. घर झाडीत आहे. तीन खोल्या. पाण्याचे संडास, दोन."

बाटली उघडून मी वाळू बशीत ओतली. आवाज झाला नाही. पिठाहून बारीक, दुधाहून पांढरी. आई लाकडी धक्क्यावर गुडघे टेकून चिंध्यांचे गालिचे धुवायची, तेव्हा म्हणायची ते मला आठवलं:

पहिली लाट झाली भावाचं अंगण,
दुसरी लाट झाली बहिणीचं दर्पण;
तिसरी कुठं गेली, कुणी ना पाहिली,
तिसऱ्या लाटेनं, बाई, पायरी धुतली.

होकाननं क्रीम लागलेलं बोट बशीत घातलं. बाहेर काढलं तर बोटाला पांढरा लेप. ते त्यानं टेबलक्लॉथला पुसलं.

"मस्त आहे," तो म्हणाला. "आणि तिकडे बिअर वाण्याच्या दुकानात मिळते. इथल्यासारखी सरकारी दारूच्या दुकानापुढं रांग नाही, शनिवारी तीनला शटर नाही."

"वा, सुंदर," मायकेन म्हणाली. "खरंच सुंदर शोधलंस गं, गुनेल. किती कष्ट घेतलेस."

"अगदी सुंदर," लिस्बेत म्हणाली.

तीनदा सुंदर आलं. मी पेन खाली ठेवलं. आता 'फक्त' येणार.

"फक्त," लिस्बेत म्हणाली, "सेल्गविक रिकामं राहील. लाकडाचं घर, माणूस नसलं की लगेच कुबट होतं."

"फक्त मला बोटीत मळमळतं," मायकेन म्हणाली. "दीड तास म्हणजे दीड तास."

"फक्त माझी पाठ," होकान म्हणाला. "परक्या गाद्या."

"तुझी पाठ बिअरचं खोकं उचलताना बरी असते," मायकेन म्हणाली.

"ते ओझं प्रेमाचं असतं, राणी."

सगळे हसले. स्वेर्करनं वाडगं तोंडाला लावून तळाचं दूध संपवलं, ओठ पुसले आणि अध्यक्षांचा चेहरा लावला. "तर गुनेलच्या सूचनेबद्दल बैठक तिचे मनापासून आभार मानते. यंदाही सेल्गविक. हरकत?"

हरकत विचारायची आणि तीन श्वास थांबायचं. कुणी बोललं नाही की ठराव एकमतानं मंजूर. कुणाचं मन मोडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. आमच्याकडे याला सभ्यपणा म्हणतात. सात वेळा मी ते तीन श्वास गिळले होते. कपाकडे जाणारा चमचा मला दिसला.

"मी येणार नाही," मी म्हणाले.

चमचा हवेत राहिला.

"कुठं येणार नाहीस?" मायकेननं विचारलं.

"सेल्गविकला. तुम्ही जा. मी येणार नाही."

मी वाट पाहिली. का, असं कुणी विचारेल. बरं नाही का, असं तरी. माझा गुडघा दोन वर्षं दुखतो आहे, सगळ्यांना माहीत आहे. निदान तेवढं.

लिस्बेत म्हणाली, "मग पिंप कोण रिकामं करणार?"

तिनं ते वाईट मनानं विचारलं नव्हतं, हेच जास्त वाईट होतं. दूध संपलंय का, असं विचारावं तसं विचारलं. आणि बाकीच्या तिघांच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न आधीच येऊन बसला होता.

"तू कर," मी म्हणाले.

"मी?" लिस्बेतचा हात छातीवर गेला. "अगं, मला तर लांबूनच ओकारी येते."

"असं काय गं करतेस, गुनेल," मायकेन माझ्या दंडावर हात ठेवत म्हणाली. लहान होती तेव्हाही काही हवं असलं की असाच हात ठेवायची. "तुला सवय आहे ना. तू रोजच करतेस ते. तुझ्या हातांना काही वाटत नाही. आमच्या हातांना वाटतं."

मी तिचा हात दंडावरून काढला. दोन बोटांनी. तो उबदार आणि थोडा चिकट होता. माझ्या घशाशी काहीतरी आलं. पिंप अंगावर सांडलं होतं तेव्हा आलं नव्हतं, ते आत्ता आलं. चार माणसं, स्वच्छ कपडे, कापलेली नखं, मेणबत्त्यांचा उजेड, बदामाचा वास. आणि मला उठून खिडकी उघडावीशी वाटली.

"बरं, बरं," स्वेर्कर म्हणाला. "मुद्दा पुन्हा चर्चेला घेऊ. व्यवहारानं विचार करू. पिंपाच्या पाळ्या लावता येतील का?"

कुणी कुणाकडे पाहिना. होकाननं पाठीला हात लावला. लिस्बेत म्हणाली की गावातला एक माणूस पूर्वी यायचा, पण तो वारला. मायकेन म्हणाली की पिंपच मोठं घेतलं तर आठवडाभर टिकेल. "मग शेवटी ते ओढणार कोण, बैल?" होकान म्हणाला. स्वेर्करनं दाढी खाजवली. अध्यक्ष पिंप रिकामं करत नसतो, हे बोलायची गरज नव्हती.

मग होकाननं माझे फोटो पुढं ओढले.

"दोन म्हणालीस ना? पाण्याचे?"

"दोन," मी म्हणाले.

"दोन!" तो मायकेनला म्हणाला. "एक तुला, एक जगाला."

"मळमळीची गोळी मिळते म्हणा," मायकेन म्हणाली.

"आणि घर काय, शेजाऱ्याला किल्ली दिली की खिडक्या उघडेल," लिस्बेत म्हणाली.

किती वेळ लागला असेल? कॉफीचा दुसरा कप भरेपर्यंत. बावीस उन्हाळे आणि सात सूचनांना जे जमलं नाही, ते एका पिंपानं केलं. "वाळू बघा ना काय आहे!" मायकेन म्हणत होती. "घड्याळातली! गुनेल, तू आधी का नाही बोललीस?" मी मागितलेला किनारा ते माझ्यासमोर वाटून खात होते. समुद्राकडची खोली स्वेर्कर-लिस्बेतना, कारण अध्यक्ष. बागेकडची मायकेन-होकानना, कारण पाठ. तिसरी सामानाला.

"आणि गुनेल बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर," लिस्बेत म्हणाली. "ती लवकर उठते, तिला काय." मग तिनं चष्मा लावून फोटोंखालची बारीक अक्षरं वाचली आणि कपाळाला आठी घातली. "इथं लिहिलंय, जाताना घर भाडेकरूनं स्वच्छ करून द्यायचं. ओव्हन, फरश्या, दोन्ही संडास. नाहीतर ते त्यांची बाई लावतात."

"त्यांची बाई कशाला?" मायकेन म्हणाली. "गुनेल आहे की."

ती माझ्याकडे पाहून हसली. खरंच प्रेमानं हसली. होकानच्या मिशीत ते क्रीम अजून होतं, आता वाळून पिवळं पडलेलं.

"बोर्नहोल्म," स्वेर्कर म्हणाला. "हरकत?"

तीन श्वास. मी पेन उचललं. त्यानं कपावर चमचा वाजवला. "मंजूर. लिही, गुनेल."

मी लिहिलं. मुद्दा चार, एकोणतिसावा आठवडा, बोर्नहोल्म. मग पुढं लिहीत राहिले. पेन थांबेना. स्वेर्करनं मान उंचावून पाहिलं. "एवढं काय लिहितेस?"

"विरोधाची नोंद," मी म्हणाले. "सभासदाला हक्क आहे ना?"

स्वेर्करचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आमच्या घरात अशी नोंद आजवर कुणी केली नव्हती. पण नियम तो नियम, आणि नियमापुढं त्याला भाऊ-बहीण दिसत नाहीत, हा त्याचा एकच गुण. "हक्क आहे," तो म्हणाला. "मोठ्यानं वाचावी लागते."

"मग वाच." मी कागद त्याच्यापुढं सरकवला.

त्यानं वाचली. नगरपालिकेच्या आवाजात, एकेका शब्दावर सारखं वजन देत.

"'या ठरावाला मी, गुनेल, विरोध नोंदवते. बावीस उन्हाळे सेल्गविकचा मैला मी वाहिला. मागच्या इतिवृत्तांत त्याला देखभाल म्हटलं आहे. ती दुरुस्ती करावी. ती देखभाल नव्हती, मैला होता. कुणी काय खाल्लं आणि कुणाला काय पचलं नाही, हे मला तुमच्या डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत आहे. बावीस वर्षांत एकानंही मागे वळून पिंपात पाहिलं नाही, आणि पिंप सांडलं तेव्हा खिडकी लावून घेण्यात आली. माझ्या हातांना वाटतं. मी सेल्गविकला येणार नाही आणि बोर्नहोल्मलाही येणार नाही. तिथले दोन्ही संडास ज्यानं त्यानं आपापले धुवावेत.'"

मेणबत्ती तडतडली. लिस्बेतचे गाल लाल झाले होते. "खिडकी माश्यांसाठी लावली होती," ती हळूच म्हणाली.

"जेवताना असलं काय वाचायचं," होकान म्हणाला आणि पाव दूर सारला.

साक्षीदार यंदा मायकेन होती. कागद तिच्यापुढं गेला. तिनं पेन उचललं, वाचलं, पुन्हा वाचलं. "गुनेल," ती म्हणाली, "एक शब्द बदलूया का? हे राहतं गं कायमचं. पुढं मुलं वाचतील. 'मैला'च्या जागी 'सांडपाणी' लिहिलं तर?"

"सांडपाणी आपलं आपण वाहून जातं, मायकेन," मी म्हणाले. "हे मला न्यावं लागायचं."

तिनं सही केली. अक्षर वाकडं आलं.

मी उठले. लिस्बेतनं घाईघाईनं एक पाव कागदात गुंडाळला. "घरी घेऊन जा, उद्याला." कागदातून क्रीम पाझरत होतं. नको म्हणाले. दाराशी पाच जोडी बूट वितळलेल्या बर्फाच्या थारोळ्यात एकमेकांवर पडले होते. मी माझे काढून घेतले, घातले, आणि बाहेर आले. हवा थंड होती, तिला कशाचाच वास नव्हता. मी ती छाती भरून घेतली.

बसथांब्यापर्यंत पोचले तोच मागून पावलं वाजली. मायकेन. अंगात स्वेटर, पायांत नुसते मोजे, गुडघ्यापर्यंत चिखलबर्फाचे शिंतोडे.

"गुनेल, थांब ना! खरंच कुठं जाणार आहेस तू?"

"ठरलं नाही अजून. नॉर्वेला जाईन. फिनलंडच्या टोकाला जाईन. बैठक नाही घेणार."

ती धापा टाकत होती. नाक लाल, केस कपाळाला चिकटलेले. असं पाहिलं की ती अजून सहा वर्षांची दिसते. धक्क्यावरून आईचे ओले गालिचे ओढणारी, ओढताना पडणारी आणि पडल्यावर माझ्याकडे पाहणारी.

"मी येऊ तुझ्याबरोबर?" ती म्हणाली. "एकटी. होकानला नाही आणत. मला लाज वाटली गं आत. देवाशपथ वाटली."

दूरवर बसचे दिवे दिसले.

"ये," मी म्हणाले. "स्वयंपाक, भांडी, संडास, एक दिवस तू, एक दिवस मी."

मायकेन हसली. मग हसू अर्ध्यावर थांबलं.

"संडाससुद्धा?" ती म्हणाली. "सुट्टीत?"

बस आली. दार उघडलं. मी चढले, पास दाखवला, मागच्या सीटवर बसले आणि काचेवरचा ओलावा हातानं पुसला. ती तिथंच उभी होती, एका पायावर. दुसऱ्या पायातला मोजा तिनं काढला होता. चिखलानं लडबडलेला तो मोजा दोन बोटांत धरून, नाक मुरडून, तो कुणाच्या हातात द्यावा म्हणून ती रिकाम्या रस्त्यावर इकडेतिकडे पाहत होती.